साडूंचा घोडा आणि १८ व्होल्ट

साडू निवडून मिळत नाहीत. बायको आपण पसंत केलेली असते, सासू-सासरे तिच्याबरोबर येणार हेही ठाऊक असते. पण तिच्या बहिणीने कोणाच्या गळ्यात माळ घालावी याबद्दल आपले मत कोणी विचारत नाही. माझ्या वाट्याला आलेले साडू वयाने थोडे मोठे, स्वभावाने दिलदार आणि पेशाने सॉफ्टवेअरवाले. मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळ नोव्हायला राहतात. पन्नाशी आली की आपल्याकडची माणसे गुडघे, साखर नाहीतर अध्यात्म, यांपैकी एकाकडे वळतात. साडूंनी २००७ सालची जुनी मस्टँग जीटी घेतली, म्हणजे रानघोड्याचे नाव लावणारी फोर्डची मोटार.

तिथवर ठीक होते. ४.६ लिटरचे व्ही-८ इंजिन, ताकद ३०० हॉर्सपॉवर. घर, ऑफिस आणि देशी किराणा दुकान एवढ्या त्रिकोणात फिरायला ३०० घोडे पुरायला हवेत. साडूंना पुरेनात. त्यांनी इंजिनावर सुपरचार्जर बसवून घेतला. हा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो आणि सिलिंडरांत हवा कोंबतो. आता हवा जास्त कोंबली की त्या मापाने पेट्रोलही जास्त लागणार. ते कमी पडले, तर आतले मिश्रण भलत्या वेळी पेटते, उष्णता बेफाम चढते आणि पिस्टनला भोक पडते. इकडे पेट्रोलचा पंप बिचारा मागे टाकीत बुडून बसलेला. पंगतीला शंभराच्या जागी दीडशे पाने मांडली आणि आचाऱ्याला कोणी कळवलेच नाही, तशी त्याची गत.

मोठा पंप बसवणे हा सरळ उपाय. पण हा पंप मागच्या सीटखालून टाकी उघडून काढावा लागतो. घराला चिकटून असलेल्या गॅरेजात पेट्रोलचा वास आणि त्या घरात माझी मेव्हणी, म्हणजे ताई, हे दोन्ही एका वेळी नांदू शकत नाहीत. म्हणून साडूंनी दुसरा मार्ग शोधला: व्होल्टेज बूस्टर. इंजिन चालू असताना पंपाला साधारण १३.५ व्होल्ट मिळतात. हा डबा गरज पडेल तेव्हा त्यांचे १७-१८ करतो, पंप जोरात फिरतो, पेट्रोल पुरते. टाकीला हात लावायचा नाही, नुसत्या तारा जोडायच्या.

तारा म्हटल्यावर फोन मलाच येणार होता.

"राव, तुम्ही इलेक्ट्रिकलचे ना?"

या एका प्रश्नापायी मी आजवर मांडवातल्या हॅलोजनपासून सासऱ्यांच्या इन्व्हर्टरपर्यंत सगळ्यात हात घातलेला आहे. मी राहतो ओहायोत, टोलेडोला. काम सबस्टेशनचे. आमच्याकडे बोलणे किलोव्होल्टमध्ये चालते. १८ व्होल्टला आम्ही वीज म्हणत नाही, अफवा म्हणतो. पण हे साडूंना सांगून उपयोग नव्हता. "तासाभराचं काम आहे, सकाळी या, जेवूनच जा," म्हणाले. श्रावणातला शनिवार, त्यामुळे जेवणाचेही आमिष म्हणावे तेवढे मोठे नव्हते. तरी गेलो.

डब्याबरोबर सूचनांचा कागद होता. पायरी पहिली: बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. सोडवली. पायरी दुसरी: आतील आच्छादन काढा. या तीन शब्दांत आमची सकाळ गेली. मोटारीचे आतले अस्तर प्लास्टिकच्या खिळ्यांवर बसवलेले असते. बसवताना ते अंगठ्याने बसतात. काढताना आधी हलत नाहीत, मग एकदम तुटतात. तुटलेल्या प्रत्येक खिळ्यावर साडू "असू दे, मिळतात" म्हणायचे आणि तो शर्टाच्या खिशात जपून ठेवायचे. कशासाठी, ते विचारले नाही.

या पिढीच्या मस्टँगमध्ये पंपाला वीज सरळ जात नाही. डिकीच्या कडेला एक छोटी पेटी असते. इंजिनाच्या संगणकाच्या हुकमावरून ती वीज भराभर तोडते-जोडते आणि त्यातून पंपाचा वेग कमी-जास्त होतो. बूस्टर बसवायचा तो या पेटीच्या आधी. नंतर बसवला, तर तुकड्या-तुकड्यांनी येणाऱ्या विजेचे काय करावे हे त्याला कळत नाही. साडूंना तो नंतरच हवा होता, कारण तिकडे जागा छान दिसत होती. हा वाद मी डिकीत पडून घातला. मस्टँगच्या डिकीत दोन सूटकेस कशाबशा मावतात; एक इलेक्ट्रिकल इंजिनिअर मावतो, पण दुमडून.

"पण राव, १३.५ चे १८ झाले म्हणजे साडेचार व्होल्ट फुकटच की!"

इथे मात्र माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. फुकट काही नसते. १८ व्होल्टवर पंपाने १५ अँपिअर ओढले, तर ते झाले २७० वॅट. तेवढेच १३.५ व्होल्टवर काढायचे म्हणजे २० अँपिअर, आणि बूस्टर आपले कमिशन कापून घेणार ते वेगळे. एवढा भार मूळच्या तारेवर टाकला, तर वाटेतच व्होल्ट गळतील. तेव्हा थेट बॅटरीपासून डिकीपर्यंत नवी जाड तार न्यायची आणि तिचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवायचा, म्हणजे वाटेत कुठे तार घासून उघडी पडली तरी गाडी पेटणार नाही. पेटणार नाही म्हटल्यावर साडूंनी मान डोलावली आणि तार आणायला स्वतः गेले.

परत आले ते १८ नंबरची तार घेऊन. "१८ व्होल्टला १८ नंबर," असा हिशोब. अमेरिकेत तारेचा नंबर जितका लहान तितकी तार जाड. हे मी शक्य तितक्या सौम्यपणे सांगितले, १८ नंबर दाराच्या घंटीला राखून ठेवायला लावली, आणि त्यांना १० नंबर आणायला परत पाठवले. तोवर ताईने थालीपिठे केली होती. त्या दिवसात मला पूर्ण समजलेली गोष्ट तेवढी एकच.

जेवणानंतर तार ओढायचे काम. बॉनेटखालून रबरी बुच्याच्या भोकातून आत, तिथून पुढच्या उजव्या सीटच्या पायाशी, मग दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी उचकटून तिच्याखालून मागे. मस्टँगच्या गालिच्याखाली काय काय असते! सुटी नाणी, मुरमुरे, मंडळाच्या गणेशोत्सवाचे पार्किंगचे पास. आणि उंबऱ्याच्या पट्टीखाली, मोत्याची कुडी.

ही कुडी साधी नव्हे. सासूबाईंनी थोरल्या लेकीला दिलेल्या जोडातली. एका दिवाळीला ती हरवली, आणि ताईच्या म्हणण्याप्रमाणे ती टोलेडोला आमच्या बेसिनवर काढून ठेवली होती. तेव्हापासून आमच्या घरचे बेसिन संशयाच्या भोवऱ्यात होते. ताई येई तेव्हा हात धुताना जाळीत वाकून बघत असे. माझ्या बायकोने प्लंबर बोलावून पाइप उघडून दाखवला होता. मी कुडी तळहातावर धरून साडूंकडे पाहिले. साडूंनी दाराकडे पाहिले.

"राव, आत्ताच द्यायची का? वायरिंग होऊ द्या. पंपाचं काम महत्त्वाचं."

मी आधी बायकोला फोटो पाठवला. मिनिटभरात आतल्या खोलीत ताईचा फोन वाजला, तो पुढे बराच वेळ चालू राहिला, आणि चारचा चहा आम्हाला मिळाला नाही.

राहता राहिले अर्थिंग. बूस्टरची काळी तार गाडीच्या पत्र्याला जोडायची, आणि ती रंगावर जोडून चालत नाही; रंग खरवडून लखलखीत धातू काढावा लागतो. दर रविवारी मऊ फडक्याने गाडी पुसणाऱ्या माणसासमोर हे बोलायचे धाडस मला होईना. "डिकीच्या आत आहे, कोणाला दिसणार नाही," म्हणालो. "मला माहीत असेल ना," साडू म्हणाले. त्यांनी रंगावरच बोल्ट आवळून बघितला. मल्टिमीटर लावला, तार सुटल्यासारखाच आकडा. शेवटी ते बाहेर जाऊन झाडांना पाणी घालू लागले. मी काचकागदाने रुपयाएवढी जागा घासली, तार आवळली आणि गंज चढू नये म्हणून वर ग्रीस लावले. पाणी घालताना त्यांची पाठ गॅरेजकडे होती. त्या दिवशी तिथे पाऊसही पडत होता.

शेवटी इंजिनाच्या हवेच्या नळीला दाबाचा स्विच बसवला. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा ४ पीएसआयने (हे दाबाचे माप) चढला की बूस्टर चालू. एरवी पंपाला रोजचेच १३.५ व्होल्ट, म्हणजे तो उगाच तापत-झिजत नाही. बूस्टर चालू झाल्याचे कळावे म्हणून साडूंनी डॅशबोर्डावर एक निळा दिवा मागून घेतला. डायनोवर, म्हणजे फिरत्या रुळांवर गाडी बांधून जागच्या जागी पळवतात तिथे, चाचणी झाली. दिवा लागला, पेट्रोलचा दाब शेवटपर्यंत टिकला, मागच्या चाकांवर ४०० च्या वर घोडे मोजले गेले. साडूंनी तो कागद लॅमिनेट करून घेतला.

हा सगळा खटाटोप वुडवर्ड ड्रीम क्रूझसाठी होता. १९९५ साली फर्नडेल गावात सॉकरच्या मैदानासाठी पैसे उभे करायला ही मोटारींची मिरवणूक सुरू झाली. आता ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटबाहेरच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर पार पाँटिअ‍ॅक शहरापर्यंत जुन्या-नव्या गाड्यांची रीघ लागते. दोघी बहिणी फुटपाथवर खुर्च्या टाकून बसल्या. ताईच्या दोन्ही कानांत कुड्या होत्या. मी साडूंच्या शेजारी, उजव्या सीटवर.

पहिला अर्धा तास आम्ही एका आइस्क्रीमच्या दुकानासमोर होतो. दुसऱ्या अर्ध्या तासात शेजारच्या बँकेसमोर आलो. पुढे १९५७ ची शेव्हरोले, मागे कोणाचा तरी अग्निशमन बंब. साडूंची नजर निळ्या दिव्यावर.

"राव, दिवा लागत नाही. फ्यूज गेला का?"

"फ्यूज ठणठणीत आहे. दाबच नाही, तर स्विच कसा लागेल?"

त्यांनी विचार केला. "मग स्विच चारवरून शून्यावर आणला तर?"

मी हवेच्या दाबाच्या काट्याकडे बोट दाखवले. इतक्या हळू चालताना इंजिन हवा कोंबत नाही, ओढून घेते. काटा शून्याच्याही खाली होता. "शून्यावर आणलात तरी नाही लागणार. आपण उण्यात आहोत."

तेवढ्यात फुटपाथवरून ताई चालत आली. तिने खिडकीतून चिवड्याचा डबा आत दिला, आमच्या बरोबरीने चार पावले चालली, आणि पुढे निघून गेली.