पोपट माशाच्या नावाने खडे फोडणं थांबवा

“पोपट मासा प्रवाळ खाऊन संपवतो, वाळू म्हणजे त्याची विष्ठा, रात्री तो अंगाभोवती विषारी जाळं विणतो. प्रवाळ वाचवायचे तर आधी यालाच पकडा!” महिनाभर हा व्हिडिओ फिरतोय. मी दुर्लक्ष केलं होतं. पण काल भाचीने तेच शब्द शाळेच्या प्रकल्पवहीत उतरवले, माशाचं चित्र काढलं आणि त्यावर लाल फुली मारली. “मामा, हा वाईट मासा ना?” आता गप्प राहवत नाही.

जाळं विषारी नाही. काही जातींचे पोपट मासे झोपताना चिकट द्रवाची पारदर्शक पिशवी अंगाभोवती तयार करतात, रक्त पिणारे बारीक परजीवी चिकटू नयेत म्हणून. आपली मच्छरदाणीच ती.

वाळूचं खरं आहे. प्रवाळ म्हणजे चिमुकले समुद्री जीव. त्यांनी बांधलेला चुनखडक हा मासा खाताना गिळतो, तो घशातल्या दातांच्या जात्यात दळला जातो आणि वाळू होऊन बाहेर पडतो. त्यात किळस कसली? मालदीवच्या वक्कारू बेटाभोवती मोजणी झाली, तेव्हा तिथल्या प्रवाळभिंतीवर दरवर्षी तयार होणाऱ्या नव्या वाळूतली ८५ टक्क्यांहून अधिक याच माशांची निघाली. अशाच वाळूवर ती बेटं उभी आहेत.

आता मुख्य आरोप. बहुतेक जाती जिवंत प्रवाळाला फारसं तोंड लावत नाहीत. चोचीसारख्या जुळलेल्या दातांनी त्या मेलेल्या प्रवाळाचा खडक खरवडतात, कारण शेवाळ आणि सूक्ष्मजीव तिथे असतात. खरवडल्यावर खडकावर पांढरा, स्वच्छ ओरखडा उरतो. पाण्यात तरंगणाऱ्या प्रवाळाच्या पिल्लांना रुजायला अशीच मोकळी जागा लागते, शेवाळाने भरलेली नव्हे. मीटरभराहून लांब वाढणारा, डोक्यावर टेंगूळ असलेला पोपट मासा मात्र जिवंत प्रवाळही भरपूर खातो, हे कबूल. पण एका जातीवरून सगळ्यांना फाशी?

आणि “यालाच पकडा” हा सल्ला तर घातकच आहे. कॅरिबियन समुद्रात तसं घडून गेलंय. १९८३-८४ मध्ये तिथले शेवाळ खाणारे काळे समुद्री साळू (काटेरी गोळ्यासारखे जीव) रोगाने मेले. मग शेवाळ आवरायला मुख्यतः पोपट मासेच उरले, आणि कितीतरी ठिकाणी माणसांनी तेही सापळे लावून उपसले. १९७० ते २०१२ च्या नोंदी तपासून आययूसीएन ही निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना आणि सहकारी संस्थांनी २०१४ मध्ये अहवाल काढला. तिथले निम्म्याहून अधिक प्रवाळ गेले होते, आणि पोपट मासे व साळू घटणं हे त्यामागचं एक मोठं कारण ठरलं. बर्म्युडा, बोनेअरसारख्या ज्या ठिकाणी या माशांना धोकादायक मासेमारीवर बंधनं होती, तिथले प्रवाळ सर्वांत धडधाकट निघाले.

व्हिडिओत तापत्या पाण्याबद्दल अवाक्षर नाही. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या पेशींत राहून त्यांना पोसणारं सूक्ष्म शेवाळ (खडकावरचं नव्हे) बाहेर टाकून पांढरे पडतात. तेही या माशाच्या माथी मारणार का?