‘फाइलवर लाल खूण करा’ या मेसेजला उत्तर

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरत असतो. दाखल होणाऱ्या प्रत्येक पेशंटची एचआयव्ही तपासणी सक्तीची करा, पॉझिटिव्ह आला तर फाइलवर लाल खूण करा, विद्यार्थ्यांना अशा पेशंटजवळ पाठवू नका. एक सुई टोचली की आयुष्य संपलं. वॉर्डात मुलींना शिकवताना या मेसेजचे परिणाम मला रोज दिसतात, म्हणून हे लिहिते आहे.

सक्तीच्या तपासणीने मुली सुरक्षित होत नाहीत. नुकताच संसर्ग झालेल्याची टेस्ट काही आठवडे निगेटिव्ह येऊ शकते, आणि नेमक्या त्याच काळात रक्तात विषाणू भरपूर असतो. खूण नसलेल्या फाइलपाशीच हात ढिला पडणार. उलट निदान होऊन नियमित एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं) घेणाऱ्या पेशंटच्या रक्तात विषाणू बहुतेकदा टेस्टमध्ये सापडण्याइतकाही उरत नाही. म्हणून रक्त कुणाचंही असो, काळजी तीच घ्यायची.

पण घडतं काय? पॉझिटिव्ह म्हणून कळलेल्या पेशंटचं बीपी घ्यायला मुलगी दोन-दोन ग्लोव्हज चढवते, आणि शेजारच्या खाटेवर इंजेक्शन दिलं की त्याच सुईला बोटांनी टोपण लावायला जाते! बीपीच्या पट्ट्यातून, घामातून, चादरीतून एचआयव्ही पसरत नाही. सुई बोटात घुसते ती टोपण लावताना. वापरलेली सुई तशीच हब कटरमध्ये, म्हणजे सुई कापून साठवणाऱ्या डब्यात, जायला हवी.

‘आयुष्य संपलं’ हे तर साफ खोटं. एचआयव्ही असलेल्या रक्ताची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता सुमारे 0.3 टक्के, म्हणजे हजारात तीन. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा धोका याच्या कितीतरी पट जास्त, 6 ते 30 टक्के. त्याबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही. सुई टोचलीच तर जखम साबण-पाण्याने धुवायची, बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, इन्चार्ज सिस्टरला लगेच सांगायचं. पीईपीचा, म्हणजे सुई टोचल्यावर संसर्ग टाळण्यासाठी घ्यायच्या औषधांचा, पहिला डोस शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा 72 तासांत. गोळ्या 28 दिवस.

लाल खूण आणि पेशंटजवळ जायला नकार, दोन्ही कायद्यात बसत नाहीत. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय तपासणी, माहिती फोडणं आणि उपचारात भेदभाव यांना मनाई केली आहे. उपचार करणाऱ्यांना गरजेपुरतं सांगता येतं. फाइलवरची खूण मात्र झाडूवाल्यापासून भेटायला आलेल्या नातेवाइकांपर्यंत सगळ्यांना सांगते.

मुलींची भीती मी खोटी म्हणत नाही. रात्रपाळीत पीईपी कुठे मिळते हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. सुरक्षेची साधनं, प्रशिक्षण आणि पीईपी पुरवणं याच कायद्याने रुग्णालयावर बंधनकारक केलं आहे. ग्रुपवर मागणी करायचीच तर ती करा, आणि क्लिनिकल पोस्टिंगआधी हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस मागून घ्या.