उभ्याने प्यायलेले पाणी गुडघ्यात उतरत नाही

उभ्याने पाणी प्यायल्यास ते थेट गुडघ्यांत उतरून सांधेदुखी होते, असा संदेश मोबाइलवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. घोट गिळताना गळ्यावर बोट ठेवले, तर कंठमणी वर सरकलेला जाणवतो. त्याच क्षणी श्वासनलिकेचे तोंड झाकले जाते आणि पाणी तिच्या मागच्या अन्ननलिकेत शिरते. सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची ही नळी मानेतून छातीत, हृदयाच्या मागून, श्वासपटलाच्या (छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याच्या) छिद्रातून जठरापर्यंत पोहोचते आणि स्नायूंच्या लाटांनी घोट पुढे ढकलते, त्यामुळे बसून प्या वा उभ्याने, वाट तीच. पुढे आतड्यांतून पाणी रक्तात शोषले जाते. गुडघ्यातले वंगण तर सांध्याचे अस्तरच तयार करते. उतारवयात गुडघे दुखतात ते बहुधा कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, झिजल्याने. अशा संदेशापायी तहानलेल्या आजीला खुर्ची मिळेपर्यंत ताटकळत ठेवू नये.