जर्मन शेफर्डचे केस उन्हाळ्यात भादरू नयेत : एक खुलासा

उन्हाळ्यात जर्मन शेफर्डचे केस मुळापासून काढल्यास त्याला गारवा मिळतो, असा संदेश सध्या फिरत आहे. हा सल्ला चुकीचा असून, तो पाळल्यास मुक्या जिवाला त्रास होऊ शकतो.

मेंढ्या राखण्यासाठी जर्मनीत 1899 पासून पद्धतशीरपणे घडवलेल्या या कुत्र्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. बाहेरचा राठ थर ऊन व पाऊस अडवतो, तर आतली दाट लव थंडीत ऊब देते आणि ऋतू पालटताना मोठ्या प्रमाणात गळते. माणसासारखा सर्वांगाला घाम येऊन कुत्रा थंड होत नाही, तो मुख्यतः धापा टाकून उष्णता बाहेर टाकतो. त्यामुळे केस भादरल्याने फारसा गारवा मिळत नाहीच, उलट उघडी त्वचा उन्हाने भाजते आणि पुढे केस विरळ किंवा वेडेवाकडे उगवण्याची शक्यता असते. शस्त्रक्रियेसाठी अथवा त्वचारोगावर पशुवैद्यांनी केस काढणे ही वेगळी बाब आहे.

विदर्भ-मराठवाड्यातील कडक उन्हात खरी गरज असते ती गळालेली लव ब्रशने नियमित विंचरून काढण्याची, सावलीची आणि भरपूर पाण्याची. फिरायला न्यायचे ते पहाटे किंवा सूर्यास्तानंतर, डांबरी रस्ता निवल्यावरच.