थंड करायचे पाच रुपये

बाटलीवर छापलंय २० रुपये. सर्व करांसह. दुकानदार मागतो २५. का, तर म्हणे, "थंड हाय की मालक."

अरे, मग थंडच पाहिजे होती ना! सोलापुरात मे महिन्यात भर दुपारी अडीच वाजता, डोक्यावर त्रेचाळीस डिग्री ऊन असताना माणूस गरम कोल्ड्रिंक प्यायला थांबतो का? मी म्हटलं, किंमत २० आहे. तर त्याने बोटाने दाखवलं, "साधी घ्या, वीसला देतो." साधी म्हणजे दुकानाबाहेर उन्हात रचलेल्या खोक्यातली. हात लावला तर चटका बसेल अशी.

हे पाच रुपये हळूहळू आलेत. आधी एक रुपया जास्त घ्यायचे, तोही सुटे नाहीत म्हणून. मग दोन झाले आणि त्याला नाव मिळालं, कूलिंग चार्ज. आता स्टँडवर, हायवेला, दवाखान्यांच्या बाहेर सरसकट पाच. विचारलं की एकच उत्तर, लाईट बिल कोण भरणार?

मी विजेच्या मोटारी दुरुस्त करतो, रिवाइंडिंगचं काम आहे माझं. विजेचा हिशेब मला सांगू नका. तो काचेच्या दाराचा फ्रीज दिवसाला समजा सहा-सात युनिट खाईल. व्यापारी दर पंधरा रुपये धरा, वर थोडं सोडा, शंभर रुपये झाले. स्टँडसमोरच्या दुकानात उन्हाळ्यात शंभर बाटल्या सहज जातात. म्हणजे बाटलीमागे वीज एक रुपयाची आणि वसुली पाच रुपयांची. वरचे चार कशाचे? शिवाय बऱ्याच ठिकाणी तो फ्रीजही कंपनीनेच दिलेला असतो, दारावर हे एवढं मोठं नाव रंगवून. आणि दुकानदाराचं कमिशन त्या २० रुपयांत आधीच धरलेलं असतं. कोणी फुकट विकत नाही.

कमाल किरकोळ किंमत असं लिहिलेलं असतं त्यावर. कमाल! याच्यापुढे नाही असा त्याचा अर्थ. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांत सरळ लिहिलंय की छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. थंड असेल तर जास्त घ्या, अशी सूट त्यात कुठेही नाही. एकाच मालावर दोन वेगवेगळ्या छापील किमती टाकायलाही २०१८ पासून बंदी आहे. कोणी शहाणा लगेच सांगतो, सुप्रीम कोर्टाने परवानगी दिलीय. दिलीय, २०१७ साली, हॉटेल आणि रेस्टॉरंटना. तिथे बसायला जागा असते, पंखा असतो, वाढायला माणूस असतो. इथे मी रस्त्यावर गाडीला टेकून उभा आहे. बाटली उघडायचीही मीच आणि रिकामी टाकायला डबा शोधायचाही मीच.

आणि त्या २० रुपयांत आहे तरी काय? २५० मिली. म्हणजे लिटरला ८० रुपये. त्यात ४० टक्के जीएसटी. २०२५ च्या सप्टेंबरात कर कमी झाले म्हणून केवढा गाजावाजा झाला. पाण्याच्या बाटलीवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, रेल्वेचं रेल नीर १५ चं १४ ला झालं. कोल्ड्रिंकचा आधी २८ टक्के जीएसटी अधिक १२ टक्के सेस होता, तो एकत्र करून ४० केला. तेवढाच. म्हणजे २० रुपयांतले पाच रुपये सत्तर पैसे सरकारचे. ठीक आहे, साखरेचं पाणी आहे, लावा कर. पण तो २० मध्ये धरलेला आहे. वरच्या पाच रुपयांची ना पावती ना नोंद, ते सरळ गल्ल्यात.

२५ ला घेतली की लिटर पडतं १०० रुपयांना. आमच्याच जिल्ह्यातल्या उसाची साखर आणि पाणी, लिटरला शंभर! माझ्या भावाच्या गोठ्यात पाच गाई आहेत. २०२४ मध्ये सरकारचं अनुदान धरून त्याला लिटरला ३५ रुपये मिळायचे, तेही दुधाला फॅट आणि डिग्री, म्हणजे दाटपणा, लागली तर. पहाटे चारला उठून काढलेलं दूध ते. छापील किमतीवर पाच रुपये जास्त मागायची सोय त्याला कोणी दिली नाही.

२००३ च्या सुमारास २०० मिलीची काचेची बाटली पाच रुपयांना मिळायची. तिथेच उभं राहून प्यायची आणि बाटली परत द्यायची. बर्फाच्या पाण्यातून काढून फडक्याने पुसून द्यायचा दुकानदार, त्याचे वेगळे पैसे कोणी घेतले नाहीत. कंपन्यांनीच तर देशभर जाहिराती करून शिकवलं की थंड म्हणजे आमचं पेय. मग थंडपणा किमतीत आलाच की! तेव्हा पाच रुपयांत अख्खी बाटली यायची. आता तेच पाच रुपये फक्त गारव्याचे.

हे सगळं मी गिळलंही असतं. पण त्या दिवशी माझ्या पुढे एक पोरगा होता, आठ-नऊ वर्षांचा. घरी पाहुणे आले असणार. मुठीत वीस-वीसच्या दोन नोटा. दोन बाटल्या मागितल्या. दुकानदार म्हणाला, पन्नास होतात, दहा कमी आहेत. पोराने बाटलीवरचा आकडा वाचून दाखवला, "काका, वीस लिहिलंय." शाळेत शिकलेलं वाचत होता तो! त्याला उत्तर काय मिळालं? "लई शाना झाला का? एक घे नायतर घरनं दहा घिऊन ये."

दहा रुपये मी दिले. पोरगा दोन बाटल्या छातीशी धरून पळाला. आणि माझं डोकं आणखी फिरलं, कारण त्या दुकानदाराला हवं होतं तेच मी केलं होतं. त्याची चूक, आणि पैसे माझे. मागच्या रांगेतला एक जण वर मलाच म्हणतो, जाऊ द्या हो, पाच रुपयांनी काय होतंय. पाच रुपयांनी काय होतंय ते त्या पोराला विचार ना!

आणि परवडत नाही हे तर सांगूच नका. पंढरपूर रोडला एक मावशी आहेत. पत्र्याचं दुकान, तसाच फ्रीज, तेच लाईट बिल. थंडगार बाटली २० ला देतात. मी मुद्दाम विचारलं, मावशी, तुम्ही जास्त घेत नाही? म्हणाल्या, "लिवलंय त्येवढंच घ्याचं की बाबा. जास्ती कशाचं?"

माझ्या मोबाइलमध्ये २५ रुपये गेल्याची नोंद आहे आणि बाटलीचा फोटोही आहे, २० चा आकडा दिसतो असा. दोन्ही घेऊन ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन केला, तक्रार नोंदवली. वजनमापे खात्यालाही अर्ज दिलाय. उद्या काम त्याच रस्त्याला आहे. त्याच दुकानात थांबणार, फ्रीजमधली बाटली घेणार आणि मोजून वीस रुपये काउंटरवर ठेवणार.