करदाता म्हणजे नेमकं कोण?

लाडक्या बहिणीचे दीड हजार असोत की मोफत वीज, वाद पेटला की आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एक वाक्य ठरलेलं असतं: 'टॅक्स आम्ही भरायचा आणि फुकट यांनी खायचं.' इन्कम टॅक्स भरणारे थोडे आहेत, हे खरंच आहे. पण त्यावरून बाकीचे कर भरतच नाहीत, हा निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही.

मी पॅरिसजवळ राहतो. इथेही निम्म्याहून जास्त कुटुंबांना प्राप्तिकर लागत नाही, आणि 'आमच्या पैशावर जगतात' हा सूर इथेही लागतो. फरक पावतीत आहे. सुपरमार्केटच्या पावतीच्या तळाशी छोटा तक्ता असतो: कराचा दर, करापूर्वीची रक्कम, कर. पिठावर 5.5 टक्के, साबणावर 20. रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या पेन्शनर आजींच्या पावतीवरही तेच दर. आपण सरकारला किती दिले, हे त्यांना तिथेच कळतं.

प्रत्यक्ष (थेट उत्पन्नावरचा) आणि अप्रत्यक्ष (मालावरचा) कराचा वाद याच देशात अठराव्या शतकात रंगला. विचारवंत माँतेस्किएने 1748 मध्ये मालावरच्या कराची बाजू घेतली: तो लोकांना सगळ्यात कमी जाणवतो. व्हर्सायच्या राजवाड्यात वैद्य असलेला फ्रांस्वा केने नेमका उलट बोलला. त्याच्या मते खरी वाढ फक्त जमीन देते. म्हणून मिठावर, दारूवर, कशावरही कर बसवा, फिरून तो जमिनीच्या उत्पन्नातूनच जातो, आणि वाटेत वसुलीचे ठेकेदार आपला हात मारतात. त्यापेक्षा जमीनदाराकडूनच सरळ घ्या. तेव्हा 'ताय' नावाच्या मुख्य प्रत्यक्ष करातून सरदार आणि धर्मगुरू बहुतांशी सुटलेले होते, हे लक्षात घेतलं की या मागणीतला दाहकपणा कळतो. केनेचा साथीदार मिराबो याने 1760 मध्ये करांवर पुस्तक लिहिलं आणि तुरुंगात गेला.

सगळी वाढ जमिनीतून होते हे गृहीतक पुढे टिकलं नाही. प्रश्न मात्र टिकला: कर भरतो कोण आणि सोसतो कोण? इंग्लिश अर्थतज्ज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने 1848 मध्ये व्याख्याच त्यावर बांधली. ज्याने सोसावा असा हेतू आहे त्याच्याकडूनच मागितला तर प्रत्यक्ष. एकाकडून घेऊन त्याने दुसऱ्याकडून वसूल करावा असं गृहीत धरलं तर अप्रत्यक्ष. म्हणजे जीएसटी सरकारजमा करतो दुकानदार, सोसते साबण घेणारी बाई.

आपल्याकडे गोपाळ कृष्ण गोखल्यांना हे पुरतं उमगलं होतं. 1902 च्या अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी मिठावरचा कर कमी करा आणि प्राप्तिकर जिथून लागतो ती उत्पन्नाची मर्यादा वाढवा, या दोन्ही मागण्या एकाच भाषणात केल्या. पुढच्या वर्षी मिठाचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला, आणि प्राप्तिकराची मर्यादा पाचशेवरून हजारावर गेली. मध्यमवर्ग आणि गरीब यांना त्यांनी एकमेकांसमोर उभं केलं नाही.

योजनांवर टीका जरूर करा. पैसा कुठे जातो हे विचारायलाच हवं. पण तो हक्क फॉर्म 16 (पगारातून कापलेल्या प्राप्तिकराचा दाखला) असणाऱ्यांपुरता नाही. सप्टेंबर 2025 मध्ये साबणावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झाला, तरी पुड्यावर 'सर्व करांसहित' एवढंच छापलेलं असतं. त्याच्या शेजारी कराचे रुपये-पैसेही छापा. किराणा दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आपला आकडा दिसू दे.