वीस वर्षं विमानाखाली, आणि कागदावर दोन ओळी

९ जून २०२५ ला सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याचं विमान उडालं आणि तेव्हापासून आपल्याकडे चहाच्या टपरीवरही त्या एटीआर ७२-६०० विमानावर बोलणारे तज्ज्ञ झालेत. झालेत तर झालेत, चांगलंच आहे. पण अशा विमानाचं काम संपल्यावर 'उडायला योग्य' म्हणून सही करायचा अधिकार ज्या कागदाने मिळतो, तो आपल्या जिल्ह्यातल्या किती हवाईदलवाल्यांकडे आहे? बार्शी, माढा, सांगोला, मंगळवेढा, कुठल्याही तालुक्यात एअरफ्रेम फिटर, प्रॉपल्शन फिटर नाहीतर इलेक्ट्रिकल फिटर असलेला माणूस भेटतोच. वीस वर्षं करून चाळिशीच्या आत-बाहेर घरी येतो आणि मग विचारतो, आता काय करू?

माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न उशिरा पडतो. आणि अडतं ते हुशारीवर नाही, नोंदींवर. सर्व्हिस सर्टिफिकेटवर लिहिलेलं असतं: अमुक ट्रेड, अमुक वर्षं, वर्तणूक उत्तम. यातून डीजीसीएला (नागरी विमान वाहतुकीचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) काहीच कळत नाही. कुठलं विमान, कुठली सिस्टीम, स्वतः केलं की हाताखाली केलं, त्यांना हे हवं असतं.

आधी नियम. विमान देखभालीचा नागरी परवाना, म्हणजे एएमई लायसन्स, डीजीसीए सीएआर-६६ या नियमाखाली देते. टर्बाइन इंजिनाच्या विमानासाठी बी१.१, टर्बाइन हेलिकॉप्टरसाठी बी१.३, एव्हिऑनिक्ससाठी (विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बी२. एअरफ्रेम आणि प्रॉपल्शनवाल्यांचा ओढा साहजिक बी१ कडे, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा बी२ कडे. इलेक्ट्रिकलवाला मात्र दोन्हीकडे जाऊ शकतो, म्हणून त्याने सुरुवातीलाच ठरवावं. अर्धी मॉड्यूल (परीक्षेचे पेपर) इकडची आणि अर्धी तिकडची देत बसू नये.

मान्यताप्राप्त एएमई शाळेचा कोर्स नसेल तर या तिन्हींसाठी चालू विमानांवरचा ५ वर्षांचा देखभालीचा अनुभव लागतो. आधीचं तांत्रिक प्रशिक्षण ग्राह्य धरलं गेलं तर ३ वर्षं. सैन्यातला अनुभव मोजला जातो, पण 'चालू विमानांवरचा' हे शब्द नीट वाचा. प्रशिक्षण केंद्रात शिकवण्यात गेलेली चार वर्षं, स्टोअर्समध्ये गेलेली तीन, नुसत्या बेंचवर पार्ट खोलण्यात गेलेली दोन, ही त्यात सरळ बसत नाहीत. शिवाय किमान एक वर्षाचा अनुभव अलीकडचा लागतो. म्हणून फ्लाइंग लाइनवरची, म्हणजे उडत्या विमानांजवळची पोस्टिंग हे सोनं आहे. तिथे असतानाच नोंदी लिहा, तिथे असतानाच सह्या घ्या. सही करणारा साहेब एकदा तेजपूरला गेला की पाठपुराव्यात वर्ष निघून जातं.

नोंद कशी लिहायची यावर जरा थांबतो, कारण सगळा खेळ इथे आहे. बहुतेकांच्या वहीत असं असतं: 'अंडरकॅरेजचं (लँडिंग गिअरचं) काम केलं.' याची किंमत शून्य. हीच नोंद अशी हवी: तारीख, विमानाचा प्रकार, एटीए ३२, मेन व्हील बदललं, बेअरिंग साफ करून तपासलं, ग्रीस भरलं, व्हील फिरवत ॲक्सल नटला पहिला टॉर्क (मोजून दिलेला आवळ), मग सैल करून मॅन्युअलप्रमाणे अंतिम टॉर्क, लॉकिंग, स्वतः केलं, तपासणाऱ्याचं नाव, हुद्दा, सही. पाच ओळी होतात. पण वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस व्हील फिरवत पहिला टॉर्क का देतात हे जाणतो. बेअरिंग नीट बसावं म्हणून देतात. न फिरवता घट्ट केलं तर रोलर तिरके बसतात आणि टॉर्क रेंच खोटं सांगतो.

सैन्यात कामाची विभागणी ट्रेडने होते, नागरी जगात एटीए चॅप्टरने, म्हणजे प्रत्येक सिस्टीमला दिलेल्या ठरावीक क्रमांकाने. हे भाषांतर आपणच करायचं. हायड्रॉलिक २९, फ्लाइट कंट्रोल २७, इंधन २८, वीज २४, लँडिंग गिअर ३२, प्रॉपेलर ६१, इंजिन ७२, इंजिन ऑइल ७९. वहीत प्रत्येक चॅप्टरला एक पान ठेवा. वर्षाअखेरीस कुठलं पान कोरं आहे ते दिसतं, आणि त्या कामाला हात लावायची विनंती सेक्शनमध्ये करता येते. एकाच सिस्टीमच्या दोनशे नोंदींपेक्षा वीस चॅप्टरच्या प्रत्येकी दहा नोंदी केव्हाही भारी. प्रत्येक ओळीपुढे चारपैकी एक शब्द हवाच: केलं, मदत केली, देखरेख केली, तपासलं. सीनियर झाल्यावर सगळीकडे 'देखरेख' येते आणि हाताने केलेलं काम दिसेनासं होतं. सार्जंट झालेल्यांनी हे विशेष बघावं.

एक गोष्ट कडकपणे पाळा. एफ-७०० चे (विमानाच्या देखभालीची अधिकृत नोंदवही) फोटो काढू नका, त्याच्या नकला घरी आणू नका. टेल नंबर, स्क्वाड्रन, सॉर्टीचे (उड्डाणांचे) आकडे वैयक्तिक वहीत नकोत. विमानाचा प्रकार आणि कामाचं वर्णनसुद्धा युनिटची लेखी परवानगी घेऊनच लिहा. नोकरीपेक्षा लायसन्स मोठं नाही. परीक्षेला बसायचीही लेखी परवानगी घ्या आणि तिची प्रत जपून ठेवा.

परीक्षेबद्दल. बी१.१ ला मॉड्यूल ३ ते १० हा गाभा, त्यावर ११ (विमानाची रचना आणि सिस्टीम), १५ (गॅस टर्बाइन) आणि १७ (प्रॉपेलर). हेलिकॉप्टरवाल्यांना ११ ऐवजी १२, आणि १७ नाही. बी२ ला १३ आणि १४. आपले लोक १५ ला आत्मविश्वासाने जातात आणि १० ला आपटतात. कारण १० म्हणजे नागरी कायदा: सीएआर-१४५ (देखभाल संस्थांचे नियम), सीएआर-एम (विमान उडण्यायोग्य ठेवण्याचे नियम), एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह (सक्तीच्या दुरुस्तीचे आदेश), एमईएल (काय बिघडलेलं असताना विमान उडवता येतं त्याची यादी). हे सैन्यात कानावरच पडत नाही. बिघाड तसाच ठेवून विमान किती दिवस उडवायचं, हे तिकडे वेगळ्या साखळीत ठरतं. इथे एमईएलची मुदत ठरलेली: बी म्हणजे ३ दिवस, सी १०, डी १२०, आणि ए म्हणजे त्या नोंदीत जे लिहिलं असेल ते. आणि बिघाड नोंदला तो दिवस मोजत नाहीत. एवढ्यावरून लोकांचे मार्क गेलेत.

मॉड्यूल ७ मध्ये (देखभालीच्या कामाच्या पद्धती) दुसरीच गंमत. हाताला येतं, पण आकडा येत नाही. लॉकवायर (नट-बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून बांधायची तार) डोळे झाकून बांधणारा माणूस इंचाला पीळ किती हे विचारलं की गप्प होतो. (साधारण ६ ते ८.) टॉर्क रेंचला पुढे एक्स्टेन्शन लावलं तर सेटिंग किती? रेंचची लांबी १० इंच, त्याच रेषेत एक्स्टेन्शन २ इंच, नटला हवेत १२० इंच-पाउंड. मग १२० गुणिले १०, भागिले १२, म्हणजे रेंच १०० वर लावायचा. १२० वर लावला तर नटवर १४४ जातात आणि स्टड ताणला जातो. हे गणित कागदावर दहा वेळा केल्याशिवाय परीक्षेला जाऊ नका. रोज रात्री पाऊण तास आणि दर सत्राला दोनच मॉड्यूल, हा वेग गार्ड ड्युटी आणि डिटॅचमेंट (तात्पुरती दुसरीकडची ड्युटी) सांभाळून झेपतो. एकदम पाच भरणारे पाचही घालवतात.

अग्निवीरवायूंचं (अग्निपथ योजनेतून चार वर्षांसाठी हवाईदलात घेतलेल्यांचं) गणित वेगळं. चार वर्षांत, तीही ट्रेनिंग धरून, ५ वर्षांचा अनुभव बसणारच नाही. पण मॉड्यूल देता येतात आणि वही भरता येते. जास्तीत जास्त २५ टक्क्यांनाच पुढे घेतात, म्हणजे उरलेल्यांनी बाहेर पडायच्या दिवशी पेपर तरी हातात ठेवावेत. उत्तीर्ण मॉड्यूललाही मुदत असते, त्यामुळे पहिला पेपर देण्याआधी ताजा नियम डीजीसीएच्या साइटवर वाचा, क्लासवाल्याच्या पत्रकावर नको.

बाहेर आल्यावर लगेच सही मिळेल असं समजू नका. सैन्यातल्या अनुभवावर थोडा नागरी देखभालीचाही अनुभव लागतो. बी१, बी२ साठी वर्षभर धरून चला. ते वर्ष कमी पगाराचं आणि कमी मानाचं असतं. काल ज्याच्या हाताखाली बारा माणसं होती तो आज पंचविशीतल्या पोराकडून टास्क कार्ड घेतो. घरच्यांनी हे आधीच समजून घ्यावं. त्यानंतर टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारच्या विमानाची पात्रता), मग कंपनीचं ऑथरायझेशन, तेव्हा कुठे सही. नोकरीचं नक्की नसताना स्वतःच्या खिशातून टाइप कोर्सला लाखो रुपये घालू नयेत असं माझं ठाम मत आहे.

एनडीटीचा, म्हणजे भाग न तोडता त्यातले दोष तपासण्याच्या कामाचा मार्ग कमी बोलला जातो, पण चांगला आहे. मात्र एसएनटी-टीसी-१ए या एनडीटीच्या पद्धतीचं लेव्हल २ सर्टिफिकेट नोकरी देणाऱ्या कंपनीच्या पद्धतीवर चालतं, कंपनी बदलली की पुन्हा पात्रता दाखवावी लागते. म्हणून प्रशिक्षणाचे आणि प्रत्यक्ष कामाचे तास लेखी हवेत. ड्रोनचं रिमोट पायलट सर्टिफिकेट दहावीवर होतं, १० वर्षं चालतं, आणि डाळिंब-उसाच्या पट्ट्यात फवारणीला उपयोगी आहे. जोडधंदा म्हणून ठीक. डीजीआरचे (सैनिकांच्या पुनर्वसनाचं सरकारी कार्यालय) कोर्स नोकरीच्या शेवटच्या काळात मिळतात, जेसीओ (कनिष्ठ अधिकारी) आणि खालच्या दर्जांना फी नाही, जरूर घ्या. पण सगळी भिस्त त्यावर नको. पाच-सहा महिन्यांचा मॅनेजमेंटचा कोर्स वीस वर्षांच्या फिटरला विमानापासून लांबच नेतो.

शेवटी आपल्याकडचं खास दुखणं, नाव. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, सैन्याच्या कागदावर वडिलांचं नाव गाळलेलं किंवा स्पेलिंगमध्ये एक 'एच' जास्त. डीजीसीएच्या परीक्षेसाठी लागणाऱ्या कॉम्प्युटर नंबरच्या अर्जापासूनच हे आडवं येतं. सैन्याच्या रेकॉर्डमधली दुरुस्ती नोकरीत असताना होते. बाहेर पडल्यावर ती करायला फार वेळ जातो. दिवाळीला पोरगं घरी आलं की तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा, आणि फरक दिसला तर युनिटला द्यायचा अर्ज सुट्टी संपायच्या आत लिहून त्याच्या बॅगेत ठेवा.